चार नंबरचे बूट

"चेंडूमागं ती पळाली, तर हार तिच्या गळ्यात. अन् तिच्यामागं मी पळालो, त्याचं काही नाई. वा रे दुनिया."

अण्णाजी हे नलूच्या पोटाशी पुटपुटले. मोरीजवळच्या स्टुलावर ते मान खाली घालून बसले होते आणि नलू जुन्या टूथब्रशनं त्यांच्या डोक्याला काळी मेंदी लावत होती. त्यामुळे त्यांचं तोंड नेमकं तिच्या पोटाशी आलं होतं. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बरीच गाऱ्हाणी त्या पोटाला सांगितली होती आणि पोटानं ती ठेवूनही घेतली होती.

"हलू नका," नलू म्हणाली. "कानाले लागून राह्यलं."

"लागू दे. त्या फ्लेक्सवर माया फोटो पाह्यला का तू? अंकुशनं भरजवानीतला लावला. सारे केस काळे. रविवारी मी पांढरं डोकं घेऊन मंचावर चढलो, तर लोक म्हणतीन हा कोण दुसराच म्हातारा आला."

"म्हणून तर लावून राह्यलो न."

तिनं उरलेली मेंदी टाळूवर थापली, वरून साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी ओढून कानाशी गाठ मारली. 'पुन्हा अवश्य या' ही अक्षरं बरोबर कपाळावर आली. पाकिटातले हातमोजे पहिल्याच बोटाला फाटले होते, त्यामुळे नलूचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले होते.

"पाऊण तास," ती म्हणाली. "त्याच्या आधी धुतलं तर लाल होते."

बाहेरच्या खोलीत तो फ्लेक्स भिंतीला टेकवून उभा होता. दहा फूट लांब, त्यामुळे टीव्ही दिसत नव्हता आणि दिवाणावर बसायला फक्त एका कडेनं जागा उरली होती. त्यावर अण्णाजींच्या बहिणीचा, जयवंताचा, १९८१ सालचा फोटो होता: भारताच्या बायकांच्या फुटबॉल संघाचा सदरा, दोन वेण्या, डोळे उन्हानं बारीक. मूळ फोटो बोटाएवढा. तो वाढवून वाढवून ताटाएवढा केला होता, म्हणून चेहरा थोडा भुगा झाल्यासारखा दिसत होता. तिच्या भाच्याचा, म्हणजे नलूच्या मुलाचा, अंकुशचा फोटो मात्र परातीएवढा होता आणि त्यात मिशीचा केस न् केस मोजता येत होता. मधोमध अण्णाजी. खाली लिहिलं होतं: 'प्रेरणास्थान, बंधू मा. अण्णाजी'.

अंकुशला वॉर्डातून उभं राहायचं होतं. पक्षाचं तिकीट मिळायला काही तरी कर्तृत्व लागतं. स्वतःचं सापडेना, तेव्हा आत्याचं सापडलं. सापडलंही त्यानं नाहीच. मैदानावर पोरींना फुटबॉल शिकवणाऱ्या रत्नदीप नावाच्या मास्तरला कोण्या जुन्या वर्तमानपत्रात तो फोटो दिसला, खाली 'जयवंता, हिंगणघाट' असं छापलेलं. तो महिनाभर गावात विचारत फिरला. कोणालाच ठाऊक नव्हतं. कारण चाळीस वर्षं या घरानं सांगितलं होतं, की आमची जया त्या साली नागपूरला शिवणक्लासला गेलती. हाँगकाँगला फुटबॉल खेळाले गेलती असं सांगितलं असतं तर लग्न जमलं नसतं. नडगीवरची खूण विहिरीच्या पायरीची सांगितली. लग्नात शिवणयंत्र दिलं. पहिल्याच आठवड्यात सासूनं लेंग्याचं कापड पुढ्यात टाकलं, तेव्हा जयवंतानं त्याला तीन पाय केले.

आणि आता मैदानाला तिचंच नाव द्यायचं ठरलं होतं. रविवारी कार्यक्रम. त्यासाठी नगरपरिषदेनं एक फॉर्म पाठवला होता, माहितीपुस्तिकेत छापायचा. तो आज चारच्या आत भरून, खाली जयवंताची सही घेऊन द्यायचा होता. सही नाही, तर पुस्तिका नाही. पुस्तिका नाही तर कार्यक्रम पुढं, आणि पुढं म्हणजे निवडणूक झाल्यावर. म्हणून अंकुशनं आत्याला सकाळच्याच बसनं बोरगाव मेघेहून बोलावून घेतलं होतं.

ती दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, अर्धीच, पिशवी मांडीवर. चौसष्ट वर्षांची, अंगणवाडीतून निवृत्त, गव्हाच्या पोत्यासारखी घट्ट. आल्यापासून तिनं दोनदा पाणी मागितलं होतं आणि तीनदा घड्याळ पाहिलं होतं.

"बरं, चला," सून रूपाली लॅपटॉप पुढ्यात ओढत म्हणाली. ती कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची, फॉर्म भरणं तिच्याकडं होतं. "नाव झालं, जन्मतारीख झाली. खेळाची सुरुवात?"

"लिव्ह," अण्णाजी डोक्यावरच्या पिशवीसकट आत येत म्हणाले, "बालपणापासूनच घरातून प्रोत्साहन."

"सालाचा रकाना आहे, बाबा."

"मंग साल लिव्ह. अन् पुढं कंसात प्रोत्साहन."

"विशेष सहकार्य?" रूपालीनं पुढचा रकाना वाचला.

"हे पाह्य," अण्णाजी दिवाणाच्या उरलेल्या कडेवर टेकले. "तिले पहिले बूट मी घेऊन दिलते. ते लिव्ह ठळक अक्षरात."

नलू ओल्या फडक्यानं बोटं घासत उंबऱ्यात उभी होती. तिचं फडकं थांबलं.

"कोणते, दादा?" जयवंतानं विचारलं. आवाजात काहीच नव्हतं, नुसती चौकशी.

"काळे होते न."

"काळे मी हाँगकाँगात घेतले, भत्त्यातून. त्याच्या पहिले बिनाबुटाचीच खेळलो मी."

"मंग चपला दिल्या असतीन."

"चपला दिल्या, बरोबर हाय," जयवंता म्हणाली. "चपला अजूनबी देतेस तू."

हे मात्र खरं होतं. भाऊबीजेला लोक बहिणीला साडी देतात. अण्णाजी दरसाल चपला देत. चार नंबरच्या, चांगल्या दुकानातल्या, दोरा ओढून-ओढून शिवण तपासून घेतलेल्या. बेचाळीस भाऊबिजा झाल्या, 'काऊन, कशाले' असं कोणी विचारलं नाही. जयवंताही गुपचूप घालून पाहायची, "बरोबर बसल्या" म्हणायची आणि ओवाळायची. आत्तासुद्धा उंबऱ्याबाहेर तिच्या काढलेल्या चपला होत्या, त्या मागल्या दिवाळीच्याच.

"प्रथम मार्गदर्शक," रूपालीनं वाचलं.

"तिथंबी बाबाचंच टाकून दे," अंकुश मोबाइलवरून मान न काढता म्हणाला. "एकसारखं दिसते."

"हरिदास," जयवंता म्हणाली.

"कोण हरिदास?" अंकुशनं मान वर केली. मग त्याचा चेहरा उजळला. "अवो आत्या, चार नंबर? पुलाजवळचा पंक्चरवाला? चार नंबरनं शिकवलं तुले?" आणि तो हसला. हसता हसता त्यानं बापाकडं पाहिलं, बाप फ्लेक्सकडं पाहत होता. आईकडं पाहिलं, आई बोटं पाहत होती. तेव्हा त्याचं हसू वाटेतच बसलं.

रूपालीला या घरात येऊन सहाच वर्षं झाली होती. तिनं सरळ विचारलं, "त्यांना चार नंबर का म्हणतात?"

ते सगळ्या हिंगणघाटला ठाऊक होतं. एका वर्षी, फाल्गुनात, दक्षिणेतल्या कोण्या गिरणीतून गावातल्या शेटजींच्या जिनिंगला, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्याला, तक्रार आली. तुमच्या कापसाची गाठ फोडली, तर आतून फुटबॉलचे बूट निघाले, तळाला खिळे, आमची मशीन मोडली. सोबत पार्सलमध्ये बूट. रुई दाबून गाठी बांधायच्या प्रेसवर त्या वेळी हरिदास मिस्त्री होता. मॅनेजरनं सगळ्या कामगारांसमोर विचारलं, कोणाचे? हरिदास म्हणाला, माये. मॅनेजरनं उलटे करून पाहिले: चार नंबर. हरिदासचा पाय नऊ नंबरचा. मॅनेजरनं त्याला तिथंच खाली बसवून बूट घालायला लावले. बोटंही आत जाईनात. सगळी जिनिंग हसली. हसणं संपल्यावर त्याला कामावरून काढलं. नाव तेवढं पक्कं राहिलं, लहान पोरंसुद्धा पुलावरून ओरडत जातात, ओ चार नंबर, हवा भरून द्या!

"असंच पडलं नाव," अण्णाजी म्हणाले. "गावाले काय, धंदा नाई. पुढचा रकाना घे."

"त्याले बोलावलं मी," जयवंता म्हणाली. "येतच असतीन."

अण्णाजींनी कपाळावरची पिशवी सारखी केली. "मले डोकं धुवाचं हाय."

"अजून अर्धा तास," नलू म्हणाली. "बसा."

हरिदास आला तो सायकल ओट्याला लावून, खोकून, मग चपला काढून. शहात्तर वर्षांचा माणूस, खांदे अजून रुंद, पण वर काही उरलेलं नाही अशा रिकाम्या दांडीसारखे. त्याच्या चपला उंबऱ्याबाहेर जयवंताच्या शेजारी पडल्या, द्रोणाशेजारी होड्या लावाव्या तशा. नलूनं त्या पाहिल्या आणि चहा टाकायला आत गेली. आतून सगळं ऐकू येत होतं. या घरात आतून सगळं ऐकू येण्याची सोय पहिल्यापासून होती.

"या, या, हरिदासभाऊ," अण्णाजींचा मोठा आवाज. "लय दिवसांनी."

"लय दिवसांनी कायचे? रोज तर स्कूटर नेता तुमी पुलावरून. हवा भराले तेवढे थांबत नाई."

"ट्यूबलेस हाय न आता."

"हो, आता साऱ्यांचं ट्यूबलेस झालं. ठोकलं तरी आवाज नाई."

रूपालीनं त्याला खुर्ची दिली. तो खाली सतरंजीवर बसला. "काका, आत्याबाईंना तुम्ही शिकवलं कसं? थोडं सांगा न. मी टाइप करते."

"मी काय शिकवतो, बाई. आमची जिनिंगची टीम होती. ही पोट्टी बापाचा डबा घेऊन याची. एक डाव बॉल हौदाच्या पार गेला, अन् हिनं डबा खाली ठेवून तो असा वापस मारला का गोलकीपरच बसला खाली. तवा म्हणलं, इचे पाय वाया जाऊन राह्यले. मंग मी इले सरकीच्या ढिगावर पळाले लावलं. बिनचपलेचं. सरकी पायाखालून सरकते न, मोहरीवाणी. त्याच्यावर ज्याले वळता येते तो मंग चिखलात घसरत नाई, गवतात घसरत नाई."

"अन् हाँगकाँगातबी नाई," जयवंता म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर फोटोतली पोरगी क्षणभर येऊन गेली. "सारा पाऊस. साऱ्या आपटत होत्या. मी एकटी उभी. कोच म्हणे, तू ये कहाँ से सीखी? म्हणलं, साब, बिनौले के ढेर पे. त्याले वाटलं कोणतं स्टेडियम हाय."

हसू आलं ते अंकुशलाही. त्याच्या डोळ्यात दुसराच हिशेब लागला होता. जिनिंगच्या जुन्या कामगारांची शे-दोनशे घरं त्याच्याच वॉर्डात होती. "बाबा," तो एकदम गंभीर झाला, "चार नं... हरिदासकाका मंचावर पायजे. पहिली शाल त्यायले. फ्लेक्सवर फोटोबी टाकू, जागा करता येते. तुमचा थोडा डावीकडं सरकवतो."

"मले सरकवतेस?" अण्णाजी म्हणाले.

"थोडासा, बाबा."

चहा आला. हरिदासनं बशीत ओतून घेतला. नलूच्या हातांकडं पाहून म्हणाला, "हे काय वहिनी, प्रेसवर गेलत्या का? आमचे असेच व्हायचे, गाठीवर नंबर मारून मारून."

"नंबर तर हे मारत," नलू म्हणाली आणि तिला वाटलं, उगीच बोललो.

गाठीवर काळ्या रंगानं नंबर मारायचं काम त्या काळी अण्णाजींकडं होतं. बसून लिहायचं काम, म्हणून घरात त्याला मोठा मान होता.

"शेवटचा रकाना," रूपाली म्हणाली. "खेळ थांबवण्याचे कारण."

"गुडघ्याची दुखापत," अण्णाजी लगेच म्हणाले. पाठ असल्यासारखे.

जयवंतानं पिशवी खुर्चीवर ठेवली. उठली. पदर कमरेला खोचला आणि फ्लेक्ससमोर उभी राहून उठाबशा काढायला लागली. एक, दोन, तीन. परातीएवढा अंकुश पाठीमागून हसत होता. दहा झाल्यावर ती थांबली, दमसुद्धा फारसा लागला नव्हता.

"गुडघा तुया बदलला, दादा. माया नाई."

"मंग लग्न लिव्ह," अंकुश म्हणाला. "लग्नामुळे. हे तर खरंच हाय न? साऱ्यायचंच होते."

"लग्न वैशाखात झालं. भारताच्या टीमचं शिबिर होतं पुसाच्या महिन्यात. चार महिने आधी."

"कार्ड आलं होतं का?" रूपालीनं विचारलं. "बोलावणं?"

"आलतं. तारीख होती, रेल्वेची सवलत होती. खाली लिवलं होतं, स्वतःचे बूट सोबत आणावेत."

"मग?"

आता सगळ्यांना खोलीत कुठं ना कुठं पाहायची जागा हवी होती. अंकुशनं मोबाइल घेतला. हरिदासनं रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली. अण्णाजी पिशवीच्या गाठीशी चाळा करत होते. त्या काळच्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकाला हेही ठाऊक होतं, की दुसऱ्याला ठाऊक आहे. अशी गोष्ट घरात असली की ती कपाटासारखी होते. सगळे वळसा घालून जातात, आणि वळसा घालतो हेही विसरतात.

नलू मात्र विसरली नव्हती. तिचं लग्न होऊन तेव्हा सात महिने झाले होते. त्या सकाळी नवरा पिशवी घेऊन कामावर गेला आणि डबा चुलीजवळच राहिला. पिशवी तर भरलेली होती. मग तिच्यात काय होतं? नवी सून, एकोणीस वर्षांची, ती डोक्यावरचा पदर दातात धरून डबा द्यायला जिनिंगवर गेली. प्रेसच्या दाराशी आली. जेवणाची सुट्टी, आत कोणी नव्हतं. रुईनं अर्ध्या भरलेल्या त्या लाकडी पेटीवर नवरा वाकला होता. त्यानं पिशवीतून बूट काढले, एक, मग दुसरा, आणि रुई उकरून आत खोल घातले. वरून हातानं थोपटलं, पाळण्यातल्या लेकराला थोपटावं तसं. मग वळला. दारात ती. तिनं डबा पुढं केला, त्यानं घेतला. "भाजी कायची हाय?" त्यानं विचारलं. "वांग्याची," ती म्हणाली. त्या विषयावर त्यांचं एवढंच बोलणं झालं.

नदीत का नाही टाकले, हे तिला पुढं कळलं. आधी त्यानं ते माळ्यावर लपवले होते, जयवंतानं शोधले. मग विहिरीत टाकले, तिनं बुडी मारून काढले आणि चुलीवर वाळवले. तिसऱ्यांदा त्यानं अशी जागा शोधली जिथून काहीच परत येत नाही. एकदा दाबली गेली की गाठ हजार मैल लांब जाते. हुशार माणूस. फक्त बुटांना खिळे असतात एवढंच विसरला.

आणि वाईट माणूस होता म्हणावं, तर तसंही नाही. बाप म्हणाला होता, ही गेली तर लग्न मोडते, तू भाऊ हायेस का कोण? नलूचं पित्ताचं ऑपरेशन झालं तेव्हा याच माणसानं दोन महिने तिची वेणी घातली होती, वाकडी, पण रोज. म्हणूनच तर ती गप्प राहिली. वाईट माणसाच्या बाबतीत बोलणं सोपं असतं.

"कौटुंबिक कारण लिव्ह," अण्णाजी म्हणाले. "त्यात सारं येते."

"त्यात काहीच येत नाई, दादा."

"जया," हरिदास उठता उठता म्हणाला, "सोड न आता. पाणी वाहून गेलं. मले दुकान उघडाचं हाय."

"बसा, भाऊ. पाणी गेलं, पण तुमाले अजून चार नंबर म्हणतात."

"म्हणू दे. त्या दिवशी बूट कोणाचे हाय सांगतलं असतं, तर गाव तुले कायकाय म्हणालं असतं. लग्न ठरलेली पोरगी, अन् तिचे बूट प्रेसवाल्याच्या गाठीत! त्याच्यापेक्षा माया पाय मोठा निघाला हे बरं झालं."

रूपालीचे हात कीबोर्डवरून केव्हाच उठले होते. "म्हणजे ते बूट आत्याबाईंचे होते? मग गाठीत घातले कोणी?"

अंकुशनं मोबाइल खाली ठेवला. समोर भिंतीवर घड्याळ होतं, तीन वाजून पंचवीस.

जयवंतानं खुर्चीवरची पिशवी उचलली. "मी सांगत नाई. बाईले मायेर एकच राहते, अन् माया तोंडानं मी ते मोडणार नाई. पण खोट्या कागदावर सहीबी करत नाई. ह्याच्यावर लिवलं का जयवंताचा गुडघा गेला, तर हा माणूस मरेपर्यंत चार नंबरच राहीन. मैदानाले नाव देऊ नका. मी चारच्या बसनं जातो."

"आत्या, अवो आत्या," अंकुश दारात आडवा झाला. "हे पाह्य, मी पाया पडतो. बाबा, बोला न काही! लिहून टाका न, कोण्या अज्ञात इसमानं..."

"अज्ञात?" जयवंता म्हणाली.

अण्णाजींच्या कपाळावरून, 'पुन्हा अवश्य या'च्या खालून, मेंदीचा एक काळा ओघळ भुवईपर्यंत आला होता. ते नलूकडं पाहत होते. प्रेसच्या दारात पाहिलं होतं तसंच, भाजी कायची हाय असं विचारल्यासारखं. तिला त्यांची दया आली. दया तर तिला रोजच यायची.

अंकुशला बाजूला सारून जयवंता बाहेर चपलांत पाय घालत होती. मागल्या दिवाळीच्या, चार नंबर, शिवण तपासून घेतलेल्या. शेजारी हरिदास आपल्या होड्या शोधत होता.

नलूनं फडकं उंबऱ्यावर ठेवलं.

"जयाताई, थांबा. रूपाली, लिव्ह."

"काय लिहू, आई?"

"लिव्ह का शिबिराले जाच्या चार दिवस आधी तिचे बूट यायनं नेले. गाठीत घातले. जेवाच्या सुट्टीत. मी दारात उभी होतो, म्या पाह्यलं. हरिदासभाऊचा काही कसूर नव्हता. अन् मी त्रेचाळीस वर्षं बोललो नाई, तेबी लिव्ह, जागा असली तर."

उंबऱ्याबाहेर चपलांचा आवाज थांबला.

रूपाली टाइप करायला लागली. दोन ओळींनी थांबली. तिनं सासूकडं पाहिलं, मग सासऱ्यांकडं, मग पुन्हा सासूकडं, आणि फार हळू म्हणाली, "आई, 'यायनं' असं कसं छापतील? नाव लागेल."

नलूनं ते नाव कधी घेतलं नव्हतं. शिरगणतीवाल्याला तिनं घरावरची पाटी दाखवली होती, दवाखान्यात नर्सनं विचारलं तेव्हा सरळ माणसाकडं बोट केलं होतं. घेतलं ते फक्त उखाण्यात, हळदीकुंकवाला, चार बायका हात धरून बसल्यावर, पुढं चांदीचं ताट लावून आणि मागं जाईचा वेल लावून, गोड करून. आज तिनं ते तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं, पुढं लावायला काहीच नव्हतं.

तिनं काळे हात पदराला पुसले.

"अण्णाजी," ती म्हणाली.